चष्म्याच्या डबीतला टाक

दारात उभ्या असलेल्या मुलीने, माणूस देवासारखा होऊ शकतो, असं सांगितलं तेव्हा सुमंत टिपणीस यांच्या हातात डिशवॉशरमधून नुकतीच काढलेली किसणी होती. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या त्यांच्या घराची बेल वाजवणारी माणसं एरवी अशी बातमी आणत नसत. तुमच्या छपराला गारांचा मार बसलाय, तुमच्या भिंतीत वाळवी आहे, तुमचं विजेचं बिल शेजाऱ्यापेक्षा जास्त येतं, अशीच सगळी. तुम्हाला बढती मिळू शकते असं सांगायला कोणी पहिल्यांदाच आलं होतं, आणि तेही रिटायर झाल्यावर. दोन मुली होत्या. लांब स्कर्ट, छातीवर काळी पट्टी, पट्टीवर आपापलं आडनाव आणि त्याखाली चर्चचं. उंच, गोरी, उन्हाने लाल झालेली ती सिस्टर लार्सन. आणि रुंद खांद्यांची, टोंगा बेटांवरून आलेल्या घराण्यातली पण युटा राज्यात वाढलेली, ती सिस्टर माहे. दोघींचं वय एकत्र केलं तरी टिपणिसांच्या वयाला पुरलं नसतं. या मॉर्मन पंथाच्या मुली, हे त्यांनी ओळखलं. त्यांना धक्का बसला तो बातमीचा नव्हे. आपल्या घरातल्या एका ड्रॉवरमध्ये जो प्रश्न आपण दाबून ठेवलाय, तो या पोरीला दारातूनच कसा दिसला, याचा बसला. "आत या," ते म्हणाले. लार्सन संकोचली. "थँक यू, पण आम्हाला नियम आहे. घरात दुसरी बाई असेल तरच आत येता येतं. मिसेस टिपनीस आहेत का घरी?" टिपणीस किसणीकडे बघत राहिले. वसुधा घरात होती. स्वयंपाकघरातल्या चमच्यांच्या ड्रॉवरशेजारच्या ड्रॉवरमध्ये, स्वतःच्याच चष्म्याच्या डबीत, अंगठ्याच्या पेराएवढी, चांदीची. "आहेत," ते म्हणाले. "पण तुमच्या नियमात बसतील असं वाटत नाही."

म्हणून मग सगळे पोर्चवर बसले. चहा त्यांना चालत नव्हता, कॉफीही नाही. टिपणिसांनी कोकम सरबत आणून दिलं. माहेने रंग बघून आधी लार्सनकडे पाहिलं, लार्सनने आभाळाकडे, आणि वरून काही हरकत न आल्यामुळे दोघींनी ते पिऊन टाकलं. ऐकायला त्यांना मजा येत होती हे टिपणिसांनी मनाशी कबूल केलं. आपण सगळी देवाची मुलं, मुलं मोठी होतात ती बापासारखी होतात, यात नवल काय, असं लार्सन सांगत होती. आणि एकट्यादुकट्याने होता येत नाही, नवराबायकोने मिळूनच व्हायचं असतं. "बायको आधी गेली असेल तर?" टिपणिसांनी विचारलं. त्यालाही सोय होती. देवळात जिवंत माणूस मेलेल्याच्या वतीने उभा राहतो. मात्र मेलेल्याला ते पसंत नसेल तर तो तिकडे नाही म्हणू शकतो. हे नाही म्हणण्याचं कलम टिपणिसांना फार आवडलं. वसुधाने पहिलं तेच वाचलं असतं. मुली जायला निघाल्या तेव्हा लार्सनने विचारलं, कशाला मदत हवी आहे का, काहीही, गवत कापणं, सामान हलवणं. टिपणीस सवयीने नको म्हणाले, आणि मग वर बघून म्हणाले, "आणि त्या पन्हळीला तर हातच लावू नका." छपराच्या कडेच्या पन्हळीतून पाइनच्या सुया दाढीसारख्या खाली लोंबत होत्या.

त्या पन्हळीचा एक वाद होता. वसुधाचं म्हणणं, माणूस बोलावून साफ करून घ्या, या वयात शिडी नको. टिपणिसांचं म्हणणं, यात माणूस बोलावण्यासारखं काय आहे. वाद चांगला रंगात आला होता, तिने "अहो, मी एक सांगते," अशी सुरुवातही केली होती, आणि तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून ती आत गेली. त्याच आठवड्यात हॉस्पिटल झालं, आणि ती काय सांगणार होती ते राहूनच गेलं. तेव्हापासून टिपणीस तो वाद एकटेच चालवत होते. सकाळी ब्रश करताना ते आपली बाजू मांडत, मग तिची मांडत, आणि तिची बाजू रोज थोडी थोडी बळकट होत चालली होती. मुलगी अनया सनीव्हेलहून फोनवर म्हणाली होती, "बाबा, जस्ट हायर समवन." त्यांना ते पटलं नव्हतं. पन्हळ साफ झाली असती तर त्यांच्यात चालू असलेली एकमेव गोष्ट बंद पडली असती.

आणि आता हा टाक. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची आकृती. आई गेल्यावर ठाण्याच्या देव्हाऱ्यातल्या टाकांची दुसरी जोडी करवून थोरल्या भावाने ती टिपणिसांना दिली होती. ती आता टॉवेलांच्या कपाटातल्या मधल्या फळीवर होती. एकवीरा, खंडोबा, आणि त्यांच्याच रांगेत घरातली गेलेली माणसं. त्यांना कोणी देव म्हणायचं नाही, पण रोज आंघोळ घालायची, गंध लावायचं, नैवेद्य दाखवायचा, उरलं काय? एक थोरली काकू होती. तिची टिपणिसांना चांगली आठवण होती. पत्त्यांत लबाडी करायची. पान साडीखाली धरून खोटी उतारी करायची, आणि पकडलं की "मेल्या, मोठ्यांना चोर म्हणतोस?" म्हणून पाठीत धपाटा घालायची. नवऱ्याच्या आधी गेली, सवाष्ण गेली, तिचा टाक झाला. त्यानंतर घरात तिच्या लबाडीचं नाव कोणी काढलं नाही. काकू शांत होत्या, सोशिक होत्या, असं सगळे म्हणू लागले, आणि काही वर्षांनी टिपणिसांनाच शंका यायला लागली की तो धपाटा आपल्याला पडला होता की दुसऱ्या कोणाला. देव्हाऱ्यात जागा मिळते ती खोड्या बाहेर ठेवून. त्या दुपारी पोर्चवर त्यांना पटकन विचारावंसं वाटलं होतं: तुमच्यात देव झालेल्या बायका भांडतात का? पण पहिल्याच भेटीत असलं विचारणं बरं दिसलं नसतं.

थोरल्या भावाच्या पत्नी, कांतावहिनी, यांनी वसुधाचा टाक करवला तो ठाण्याच्या नेहमीच्या सोनाराकडून, आणि इकडे येणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून पाठवला. टिपणिसांनी पुडी उघडली आणि बराच वेळ ओळखायचा प्रयत्न केला. सोनाराकडे सवाष्णीचा ठसा एकच. भलेमोठे डोळे, नाकात नथ, दोन्ही हात जोडलेले. वसुधाने नथ लग्नात घातली तीच, शिंका येतात म्हणून जेवणाआधी काढूनही टाकली. हात जोडून तर ती नवऱ्यापुढे सोडाच, गणपतीपुढेही फार वेळ उभी राहिली नव्हती. "झालं, त्याला कळलं," म्हणायची. आणि चष्मा नव्हता. चष्म्याशिवाय तिला घड्याळातले काटे दिसायचे नाहीत. ही बाई अनंतकाळ काय बघणार होती? म्हणून टिपणिसांनी टाक तिच्या चष्म्याच्या डबीत, चष्म्याच्याच कुशीत ठेवला, ड्रॉवर बंद केला आणि वहिनींना "पोचला" एवढं कळवलं.

वहिनींचा व्हिडिओ कॉल आला तो मुली येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. "भावजी, नवमी आली. अविधवा नवमी. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचा दिवस. त्या दिवशी वसूला देवात बसवायचं. आणि आत्ता कुठे आहे ती?" "आहे, सुरक्षित आहे." "सुरक्षित म्हणजे?" "ड्रॉवरमध्ये." वहिनींनी फोन इतका जवळ आणला की पडद्यावर त्यांचं नुसतं कपाळ उरलं. "बायको ड्रॉवरमध्ये ठेवलीत, भावजी. धन्य आहे तुमची. बरं ऐका. दुधापाण्याने आंघोळ घाला, हळदकुंकू लावा, एकवीरेच्या डाव्या हाताला बसवा. आणि वालाचं बिरडं करा, तिला आवडायचं. जमेल का? वाल भिजवा, मोड आणा, सोला. आणि हे बघा, नैवेद्य आहे, चाखायचा नाही. माहीत आहे ना?" माहीत होतं. नैवेद्याच्या दिवशी वसुधा पातेल्यावर नाक नेऊन नुसत्या वासावर मीठ ठरवायची. पण बाकीच्या सगळ्या दिवशी ती पळीतला थेंब त्यांच्या तळहातावर टाकायची, "अहो, बघा." ते चाटून बघायचे, "किंचित," म्हणायचे किंवा "बरोबर," म्हणायचे. लग्न झाल्यापासून स्वयंपाकात त्यांचं योगदान म्हणजे हा तळहात. "वहिनी," ते म्हणाले, "तिला देव व्हायचं होतं का, हे कोणी विचारलं का तिला?" "मेलेल्या माणसाला काय विचारायचं, भावजी?" "एका पंथात विचारतात म्हणे." "त्या तुमच्या अमेरिकेत काय वाट्टेल ते विचारतील," वहिनी म्हणाल्या. "वाल रात्रीच भिजवा."

टिपणिसांची सबंध नोकरी इथल्या एका औषध कंपनीत, एकाच प्रकारच्या कामात गेली होती. औषधाच्या डबीवर जे छापायचं ते मूळ अभ्यासात खरोखर आहे का, हे ते तपासत. डबी म्हणे "आराम पडतो". टिपणीस अभ्यास काढून दाखवत की आराम काहींना पडला, काहींना नुसती झोप लागली. त्यामुळे मुली पुन्हा आल्या तेव्हा त्यांचा हा जुना किडा वळवळत होता. पोर्चवरच्या टेबलावर मोड आलेल्या वालांचं मोठं पातेलं होतं. "मदत करू?" लार्सनने विचारलं, आणि या वेळी ते नको म्हणाले नाहीत. साल चिमटीत दाबायची, वाल सुळकन बाहेर येतो. लार्सनचा पहिलाच वाल उडून पोर्चखाली गेला. माहेचा हात मात्र बसला. "आता मला सांगा," टिपणीस म्हणाले, "हे जे तुम्ही सांगता, ते बायबलात आहे का? तुमच्या दुसऱ्या पुस्तकांत नको. मूळ बायबलात." तेवढ्यात शेजारच्या अंगणातला पानं उडवायच्या यंत्राचा आवाज बंद पडला. डेल कॅलोवे, बाप्टिस्ट पंथाचा, अनेक वर्षं चर्चच्या रविवारच्या शाळेत मुलांना बायबल शिकवलेला माणूस, कुंपणाशी येऊन उभा होता. 'बायबल' हा शब्द त्याला त्या आवाजातूनही ऐकू आला होता. "सॅम," तो म्हणाला, सुमंत हे नाव त्याने पहिल्याच दिवशी आपल्या सोयीचं करून घेतलं होतं, "या मुली चांगल्या आहेत, पण त्याचं उत्तर 'नाही' असं आहे." "मग इकडे ये आणि वाल सोलत सांग," टिपणीस म्हणाले.

डेल आला. माहेने ब्याऐंशीवं स्तोत्र काढलं. मी म्हणालो, तुम्ही देव आहात, परात्पराची मुलं आहात. "पुढची ओळ वाच, बेटा," डेल म्हणाला. माहेने प्रामाणिकपणे वाचली: तरी तुम्ही माणसांसारखे मराल. "ते लबाड न्यायाधीशांना झापणं चाललंय," डेल म्हणाला. "बढतीची ऑर्डर नाही ती." "पण येशूने तीच ओळ उचलून सांगितली," लार्सन म्हणाली, "योहानाच्या दहाव्या अध्यायात. चुकीची असती तर सांगितली असती का?" "त्याने ती आपल्यावर दगड उचलणाऱ्यांची तोंडं बंद करायला सांगितली. यशयाचं पुस्तक काढ. माझ्याआधी देव झाला नाही, माझ्यानंतर होणार नाही. याहून स्पष्ट काय हवं?" लार्सन म्हणाली, ते मूर्तींबद्दल आहे, आणि आम्ही काही त्याची जागा घेणार नाही, तो कायम आमचा देवच राहणार. रोमकरांच्या पत्रात आम्हाला वारस म्हटलंय, ख्रिस्ताबरोबरचे वारस. वारसाला बापाचं मिळणार नाही तर काय मिळणार? टिपणीस एकेक वाल सुटा करत दोघांकडे आलटूनपालटून बघत होते. त्यांना अगदी ऑफिसात बसल्यासारखं वाटत होतं. "माणसाला, तू देवासारखा होशील, असं पहिल्यांदा कोणी सांगितलं, माहीत आहे?" डेल त्यांच्याकडे वळला. "सापाने. बागेत. तो पहिला सेल्समन." "आणि त्याच अध्यायात पुढे," माहे शांतपणे म्हणाली, "देव स्वतः म्हणतो, बघा, माणूस आपल्यातल्या एकासारखा झाला." टिपणिसांचा वाल निसटला. "म्हणजे कंपनीने स्वतःच कबूल केलं?" "बरंवाईट कळण्यापुरतं!" डेल म्हणाला. "आणि लगेच बागेतून हाकललं. सॅम, देवाच्या स्वभावात माणसाला वाटा मिळतो, हे पेत्राने लिहिलंय, मीही मानतो. पण चुलीवर तवा तापून लाल झाला म्हणून तवा म्हणजे आग होत नाही." "तव्याने हात भाजतो पण," टिपणीस म्हणाले. डेल हसला. मग टिपणिसांनी त्याच्यासमोरचं भांडं पाहिलं. रविवारच्या शाळेचे गुरुजी सालं नीट भांड्यात जमवत होते आणि वाल पायाशी कचऱ्याच्या पिशवीत टाकत होते. "डेल, ते उलट आहे." "गुड लॉर्ड," डेल म्हणाला, आणि पिशवीत हात घालून वाल परत वेचू लागला.

हा क्षण बरा होता, म्हणून टिपणिसांनी तो इतके दिवस अडलेला प्रश्न विचारून टाकला. देव झालेली बायको नवऱ्याशी भांडते का? लार्सन बायबलाची पानं उलटू लागली; हे त्यांना शिकवलं नसावं. माहे मात्र मोठ्याने हसली. "माझे आजीआजोबा टीव्हीच्या आवाजावरून भांडतात. अनंतकाळासाठी बांधलेले आहेत दोघं, देवळात. आजोबा म्हणतात, देवाने दया करून आधीच बहिरा केलाय मला." "मग पुढेही भांडतील?" "नाही भांडले तर मला ती आजी कशी ओळखू येणार?" माहे म्हणाली, आणि स्वतःच जरा चमकली. पोरीने उत्तर दिलं होतं. बायबलातून नाही, लेबलावरूनही नाही. आणि तेवढ्यात डेल, सवयीने, वाल वेचता वेचता, मान खाली घालूनच बोलून गेला: "पुनरुत्थानात लग्नं करत नाहीत, करून देत नाहीत. मत्तय, बावीस." लार्सन म्हणाली, त्याचा अर्थ असा की लग्न इथेच, आधी करून घ्यायला हवं. पण डेलचं लक्ष नव्हतं. त्याचा हात पिशवीत तसाच राहिला होता. त्याची बायको पेगी जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिने लावलेलं मर्टलचं झाड कुंपणावरून टिपणिसांच्या अंगणात फुलांचा गुलाबी कचरा करायचं, आणि त्यावरून टिपणीस एक शब्द बोलत नसत. "मला ते वचन कधी आवडलं नाही," डेल म्हणाला. "शिकवलं मी. दरवर्षी शिकवलं. पुस्तकात आहे ते आहे." माहेने पातेलं जरा त्याच्याकडे सरकवलं. चौघं सोलत राहिले, आणि चिमटीतून वाल सुटताना होणारा अगदी बारीक आवाज पोर्चवर येत राहिला.

रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या टिपणिसांनी सवयीने निकाल लिहून पाहिला. दावा मूळ अभ्यासापेक्षा मोठा आहे. अभ्यासात चार ओळी अशा आहेत की ज्यांनी दाव्याला खिडकी ठेवली आहे, आणि दोन अशा की ज्यांनी दार लावलं आहे. शिफारस: लेबल बदलावं, खिडकी बुजवू नये. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या स्वतःच्या देव्हाऱ्यामागे कसला अभ्यासच नाही; आपलं सगळं लेबलच आहे, तेही सोनाराच्या एका ठशातलं. डेलला त्याच्या पुस्तकाने पेगी देव म्हणून दिली नाही आणि बायको म्हणूनही ठेवली नाही, तरी तो पुस्तकाशी खोटं बोलला नाही. मुलींना दोन्ही मिळत होतं. आपल्याला उद्या एक मिळणार होतं आणि त्याच्या बदल्यात दुसरं द्यावं लागणार होतं. वसुधा शांत होती, सोशिक होती, असं उद्यापासून वहिनी म्हणणार, परवा अनया म्हणणार, आणि एक दिवस आपणही म्हणू. त्यांना झोप लागली नाही असं नाही. लागली, पण आजारी माणसाच्या घरात लागते तशी.

नवमीच्या सकाळी त्यांनी टाकाला दुधाने आंघोळ घातली, मग पाण्याने. बोटाखाली तिचे ते मोठाले डोळे लागले. हळदकुंकू लावलं. बिरडं गॅसवर उकळत होतं, नारळाच्या दुधाचा वास घरभर झाला होता, आणि वहिनी फोनमधून, डब्याला टेकवलेल्या, सगळ्यावर देखरेख करत होत्या. "आता मीठ घाला, अंदाजाने." टिपणिसांनी पातेल्यावर नाक नेलं. वास आला, पण त्यातून मिठाचं काही कळेना. हे तिलाच यायचं. त्यांनी अंदाजाने मीठ घातलं आणि पळी ढवळत राहिले. पळी वर आली तेव्हा तिच्या टोकाला एक थेंब लोंबत होता, आणि त्यांचा डावा हात, त्यांना न विचारता, तळवा वर करून पळीखाली गेला. थेंब पडला. भाजलं. "भावजी," फोनमधून आवाज आला, "काय करताय?" टिपणीस तळहाताकडे बघत होते. न चाखता दिलं तर ते देवाला पोचणार. देवाने आजवर मिठाबद्दल एकदाही तक्रार केलेली नव्हती. त्यांनी थेंब चाटला. "किंचित," ते मोठ्याने म्हणाले, आणि चिमूटभर मीठ आणखी घातलं. पुन्हा चाखलं. "बरोबर." "भावजी! उष्टं केलंत! नैवेद्य ना तो?" "एकवीरेचा वेगळा करतो, वहिनी. गूळखोबरं आहे, हात लावलेला नाही. हे वसूचं आहे." "आणि ती देवात बसणार ना आता?" "बसणार," टिपणीस म्हणाले. "बसू द्या. पण जेवण घरचं." वहिनी काहीतरी म्हणणार होत्या. मग त्यांनी पदर डोळ्यांना लावला की नाकाला, ते एवढ्याशा पडद्यावर कळलं नाही. "वाटीत जास्त वाढा," त्या म्हणाल्या. "ती एकदा घेऊन भागायची नाही. आणि तुमच्या ताटातलं उचलायची. ठाण्याला आली होती तेव्हा माझ्याही ताटातलं उचललं होतं तिने." "तुम्ही कधी बोलला नाहीत." "आत्ता आठवलं."

टॉवेलांच्या कपाटात, मधल्या फळीवर, एकवीरेच्या डाव्या हाताला टिपणिसांनी टाक उभा केला. त्याच्यासमोर चष्मा ठेवला, काड्या उघडून, टाक एका काचेमागे येईल असा. पुढे बिरड्याची वाटी ठेवली, त्यातून वाफ येत होती आणि चष्म्याच्या काचा धुरकट होत होत्या. स्वयंपाक करताना नेहमी व्हायच्या तशाच. थोरल्या काकूचा टाक पलीकडेच होता. त्यांनी तिला गंध लावलं आणि म्हणाले, "काकू, उतारी खोटी होती." मग ते वसुधाकडे वळले. फोन बंद झाला होता. बाहेर डेलचं पानं उडवायचं यंत्र सुरू झालं होतं आणि खिडकीतून पन्हळ दिसत होती, सुयांनी गच्च. "ऐक," टिपणीस म्हणाले. "माणूस बोलावणार नाही. शिडी डेल धरणार आहे, मी त्याला विचारलंय. तो आपलं पुस्तक धरतो तशी शिडी धरेल, हलणार नाही. आता तू काय सांगणार होतीस ते सांग." कुळातल्या बाकीच्या देवांनी हे ऐकलं असणार, पण घरचीच माणसं ती, त्यांनी दाखवलं नाही. काचांवरची वाफ हळूहळू उतरत होती. काचेमागचे तिचे डोळे दिसायला लागेपर्यंत थांबायचं, असं ठरवून टिपणीस कपाटाचं दार उघडं धरून उभे राहिले.